नासीरभाईंचा कच्चा आवाज

कबड्डीवाल्यांची मॅच तासाभरात संपते, पण तिच्यावरची चर्चा संपायला दोन पिढ्या लागतात! आमचा चौघांचा ग्रुप दर रविवारी अकोल्याच्या जुन्या शहरात, नासीरभाईंच्या गादीच्या दुकानात बसतो. मी अमरावतीहून एसटीने जातो. बसायला शिवलेल्या गाद्यांची थप्पी आणि टेकायला उशा असल्यामुळे कोणी लवकर उठत नाही, आणि उठताना एक तरी किस्सा मागे ठेवून जातो. गेल्या वर्षभरात खेळ राहिला बाजूला, सगळे किस्से एका टॅबचेच जमले.

नासीरभाई पोटापाण्यासाठी गाद्या भरतात, पण त्यांची खरी ओळख कबड्डीचे कॉमेंटेटर म्हणून. तीस वर्षं मी पंच आणि ते माइकवर. त्यांचा आवाज कानावर पडल्याशिवाय लोक घरून मैदानाकडे निघत नसत. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते टॅबवर एका बोटाने टाइप करतात आणि टॅब त्यांच्या वतीने बोलतो. अडचण एवढीच, की त्या ॲपमध्ये मराठी आवाज एकच होता, आणि तो एका गोड, सुशिक्षित बाईचा होता!

*

धामणगाव रेल्वेचे एक कापसाचे व्यापारी नासीरभाईंना माल पाठवतात. एकदा नासीरभाईंनी त्यांना फोन लावला आणि फोनला टॅब भिडवला. उचलला व्यापाऱ्याच्या बायकोने. पलीकडून मधाळ आवाज आला, "शेटजी आहेत का? मागच्या वेळेसारखाच नरम पाठवा म्हणा. वाट पाहून राहिली आहे गादी."

फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी व्यापारी बायकोला घेऊन थेट दुकानात! नासीरभाईंनी तिच्यासमोर टाइप करून दाखवलं, टॅब बोलला. बाईंनी टॅबकडे पाहिलं, मग नासीरभाईंच्या छातीपर्यंत आलेल्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं, आणि आम्हाला विचारलं, "दाढी खरी हाये न?"

*

मग इंगळे सरांनी बातमी आणली. इंगळे सर शाळेत कॉम्प्युटर शिकवतात आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एकही अपडेट सोडलेलं नाही. म्हणाले, "त्या ॲपची बीटा आली. जुन्या रेकॉर्डिंग दिल्या की माणसाचा स्वतःचा आवाज बनवून देते!"

नासीरभाई गादीवरून अर्धे उठले. मी विचारलं, बीटा म्हणजे काय? सर म्हणाले, "म्हणजे अजून पूर्ण तयार नाही. आपण वापरायचं, चुका निघाल्या की त्यांना कळवायच्या. फक्त एक आहे, रोजच्या वापराच्या टॅबवर टाकू नका असं त्यांनीच लिहिलंय."

नासीरभाईंच्या पत्नी शमीमभाभी दुकानामागच्या घरातून चहा घेऊन दारात उभ्या होत्या. भाभी वलगावच्या, त्यामुळे घरातही ठसठशीत वऱ्हाडी बोलतात. म्हणाल्या, "म्हंजे अर्धी शिवलेली गादी गिऱ्हाइकाले द्याची, अन् कुठं टोचते ते त्यानंच सांगाचं? आमी असा धंदा केला असता तं लोकायनं दुकान जाळलं असतं!"

मी तोडगा काढला, दुसरा टॅब घ्यावा आणि त्याच्यावर प्रयोग करावा. नासीरभाईंनी सावकाश टाइप केलं. टॅबमधल्या बाई बोलल्या, "मले तोंड एकच हाये."

*

या बाबतीत आमच्या डॉक्टरांचा अनुभव मोठा आहे. डॉक्टर गावंडे गुरांचे डॉक्टर आणि एके काळचे आमचे पकडपटू. त्यांनी इंगळे सरांचं ऐकून आपल्या मोबाइलवर कसलीशी बीटा टाकून घेतली होती. मोबाइलमध्ये पेशंटांचे फोटो होते, म्हणजे गाई-म्हशींचे. बीटाने सगळे फोटो आणि सगळे नंबर एकमेकांत कालवून टाकले. सासूबाईंचा फोन आला की स्क्रीनवर मुऱ्हा म्हैस!

डॉक्टर आठवडाभर सरांना बोलत होते. पुढे पंधरा दिवसांत दुरुस्ती आली. सरांनी फोन करून सांगितलं, ताबडतोब टाकून घ्या, सगळं पूर्ववत होईल.

या गोष्टीला पाच महिने झाले. डॉक्टरांना अजून वेळ मिळालेला नाही.

*

शेवटी निकाल नासीरभाईंनीच दिला. बाईच्या शांत, सुशिक्षित आवाजात टॅब म्हणाला, "टाका. मले माह्या आवाजात एक शिवी द्याची हाये."

रेकॉर्डिंग गोळा करायला घेतल्या आणि घोडं तिथे अडलं. नासीरभाईंच्या रेकॉर्डिंग ढिगाने होत्या, पण सगळ्या मैदानातल्या! माणूस साधं बोलताना कोण कशाला रेकॉर्ड करतो? लग्नाच्या व्हिडिओत ते जेवत होते. सरांनी नाइलाजाने होतं तेच दिलं.

आवाज तयार झाला. नासीरभाईंनी पहिलं वाक्य टाइप केलं, "पाणी आणता का?" टॅब कडाडला, "पाणीऽऽऽ आणताऽऽऽ काऽऽऽ!" शेवटच्या मिनिटात एका गुणाने मॅच जिंकावी तसा! समोरच्या दुकानातला माणूस धावत रस्ता ओलांडून आला.

आवाज मात्र हुबेहूब नासीरभाईंचा होता. दोन वर्षांनी ऐकला. मी तीस वर्षं शिट्टी वाजवलेला दगड माणूस, पण मला चष्मा पुसावा लागला. डॉक्टर तर उशीत तोंड घालून बसले. नासीरभाईंनी मग ठरलेली शिवीही दिली. ती इथे लिहिता येत नाही, पण नदीपलीकडे गेली असावी.

*

त्याच महिन्यात वलगावचे आमचे म्हातारे उस्ताद वारले. आम्हा सगळ्यांना चढाई शिकवलेले. आम्ही भेटायला गेलो, भाभीही माहेरचं गाव म्हणून सोबत होत्या. ओटीवर पन्नास माणसं मान खाली घालून बसलेली. आम्ही नासीरभाईंना वाटेत बजावलं होतं, तिथे काही बोलू नका, नुसते हात जोडा.

पण उस्तादांची म्हातारी समोर आली आणि त्यांना राहवलं नाही. दोनच शब्द टाइप केले. टॅब गरजला, "उस्ताऽऽऽद गेऽऽऽले!"

ओटीवरच्या पन्नास माना वर झाल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भाभींनी पदर तोंडात धरला. म्हातारीने मात्र नासीरभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरोबर बोलला बापा. तसेच गेले. कोनाले हात लावू नाही देला."

*

आणि मग जे व्हायचं ते झालं. एका शुक्रवारी ॲप उघडेना. सरांनी कंपनीला कळवलं, तिकडून उत्तर आलं, "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत." चार दिवस नासीरभाई मुके.

मुक्या माणसाशी लोक का कोण जाणे, ओरडून बोलतात. एक गिऱ्हाईक नासीरभाईंच्या कानाशी येऊन, "दोऽऽन उशा, एऽऽक गादी!" असं तीनदा ओरडलं. नासीरभाईंनी शिलाईचा खडू उचलला आणि समोरच्या गादीच्या कापडावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "मी बहिरा नाही." गिऱ्हाइकाने ते वाचलं, मान डोलवली आणि विचारलं, "हेच छापलेली अजून एक भेटन का?"

आम्ही हसलो, भाभी हसल्या नाहीत. इंगळे सरांना म्हणाल्या, "सर, माह्या मानसाचं तोंड तुमी प्रयोगाले नेलं." सर त्या रविवारी चहा न घेता गेले. भाभींच्या घरचा चहा सोडून उठलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मलाही तो गोड लागला नाही.

*

पाचव्या दिवशी ॲप आपोआप उघडलं. पुन्हा कधी बंद पडेल ते कंपनीलाही माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी भाभींनी आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं, सरांनाही. म्हणाल्या, जुनं ॲप परत टाका.

सर म्हणाले, "भाभी, जुनं टाकलं की हा बनवलेला आवाज पुसला जाईल. परत तीच बाई."

"मले चालते बाई," भाभी म्हणाल्या. "मी आत चुलीपाशी असली अन् यायच्या छातीत दुखलं, तं हाक कशी मारतीन? मले आवाज कोनाचा का असेना, निघाला पायजे."

सरांनी टॅबवर सगळी तयारी केली आणि तो नासीरभाईंच्या मांडीवर ठेवला. कोपऱ्यातलं लाल बटण दाबलं की काम होणार होतं. सर म्हणाले, माझा हात होत नाही. डॉक्टर रस्त्यावरची रहदारी पाहू लागले. क्षणात निर्णय देणारा मी पंच, मी उशीचा दोरा ओढत बसलो.

"सरका," भाभी म्हणाल्या. ओले हात पदराला पुसले आणि गाद्यांच्या मधून वाट काढत निघाल्या.

नासीरभाईंनी एक बोट वर केलं. एक मिनिट. मग त्याच बोटाने टाइप केलं.

"अन् निघाऽऽऽली! वलगावची शमीऽऽऽम! चढाईले!"

भाभी जागेवर थबकल्या. तीस वर्षांत नासीरभाईंनी आमच्यासमोर बायकोचं नाव घेतलेलं नव्हतं. नेहमी "आमच्या घरचे" म्हणायचे. आणि पाणी मागताना, दुःख सांगताना कुठेच न बसलेला तो आवाज पहिल्यांदाच जागेवर बसला होता. भाभींनी तोंड घट्ट मिटून पुढचं पाऊल टाकलं.

टॅब म्हणाला, "समोर इंगळे सर! पाय लटलट! डॉक्टरनं मैदान सोडलं!"

आणखी एक पाऊल. गल्लीतली दोन-चार माणसं दारात येऊन उभी राहिली.

"पंचाचं लक्षच नाऽऽऽही! शमीम घुसली आऽऽऽत! हात पुढं! बोट पुढं!"

भाभींचं बोट खरंच पुढे होतं, लाल बटणापासून चार अंगुळांवर. नासीरभाईंनी टाइप करणं थांबवलं आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

भाभींचं बोट तसंच हवेत होतं. म्हणाल्या, "थांबले काहून? पुढं सांगा न. सुटली का पकडली?"