कपाटातला अँफिऑक्सस

बीडच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते, तिथल्या विभागप्रमुखांचा मला आजही राग आहे. तो निवळावा असं मला वाटतही नाही.

आमच्या प्रयोगशाळेत अँफिऑक्ससचा एकच नमुना होता. बोटाएवढा, दोन्हीकडं टोकदार, पांढुरका समुद्री जीव. त्याला हाडं नसतात, पण पाठीतून एक लवचीक दांडी गेलेली असते, पृष्ठरज्जू. कण्याच्या प्राण्यांचं मूळ शिकवायचं तर मुलांना तो दाखवायलाच हवा. पण बरणी सरांच्या कपाटात आणि किल्ली सरांच्या खिशात.

"सर, एक तास द्या. दाखवते आणि लगेच परत ठेवते," मी म्हणाले.

"काहून? ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं ही. हे बघून काय करणार हायेत?"

मी नांदूरघाटच्या तसल्याच घरातली. आईबाप ऊस तोडायला गेले की चुलत्याकडं राहून शिकलेली. सरांना हे ठाऊक होतं, म्हणूनच ते माझ्याकडं रोखून बघत बोलले.

दिवाळीच्या सुट्टीत मी मैत्रिणीकडं रत्नागिरीला गेले. किनाऱ्यावर कोळी जाळी झटकत होते. त्यांनी टाकून दिलेल्या शिंपल्यांवर मला हर्डमानिया सापडले. हाही समुद्री जीवच, बटाट्याएवढा गुलाबी, चिवट गोळा. दाबला की पाण्याची पिचकारी उडते. पिल्लू असताना हा शेपटी हलवत पोहतो आणि त्या शेपटीत तीच दांडी असते. मोठा होऊन एका जागी चिकटला की शेपटीही जिरते, दांडीही. मी ते फॉर्मॅलिनच्या बरणीत घातले आणि बरणी मांडीवर धरून बीडला आणली.

वर्गात बरणी हातोहात फिरली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हंजी ह्यो आन् आपुन एकाच गोतातले?"

"एकाच. पण लई लांबचे."

मुलं हसली. तेवढ्यात सर दारात आले.

"कुणाच्या परवानगीनं हे?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी मुलीच्या हातातून बरणी काढून घेतली आणि बेसिनमध्ये उपडी केली. "बाहेरचा कचरा माझ्या लॅबमध्ये चालणार न्हाई."

वासानं सगळ्यांचे डोळे चुरचुरले. मी ते गोळे उघड्या हातांनी वेचून परत बरणीत भरले. मॅडम रडतायत, असं मुलांना वाटलं. मी रडत नव्हते. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

पुढं कॉलेजच्या तपासणीला समिती आली. सरांनी मोठ्या थाटात कपाट उघडलं. अँफिऑक्ससच्या बरणीचं झाकण सैल होतं, आतलं औषध उडून गेलेलं. जीव वाळून काचेला चिकटला होता, कांद्याच्या सालीसारखा.

सर समितीकडं वळले. मग म्हणाले, "नमुन्यांची जबाबदारी मॅडमकडं हाय."

"मग किल्ली माझ्याकडं असायला पाहिजे, सर. ती कुठं आहे?"

त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. समितीतले एक गृहस्थ खाली मान घालून हसले. एवढंच. मग सगळे चहाला गेले.

पुढच्या वर्षी मला तास मिळाले नाहीत. सहकाऱ्यांपैकी एकानंही माझ्या बाजूनं तोंड उघडलं नाही. फोनवर मात्र सगळ्यांना वाईट वाटत होतं. आता मी कडा गावाजवळ अकरावी-बारावीला शिकवते.

मागच्या वर्षी नारायणगडावर दर्शनाला गेले, तर पायऱ्यांवर सर दिसले. निवृत्त झालेले, सोबत बायको.

"विसरलात का काय मॅडम आमाला?" ते हसत म्हणाले.

"न्हाई विसरले. म्हणून तर बोलत न्हाई."

त्यांच्या बायकोनं गोंधळून माझ्यापुढं प्रसादाचा हात केला. तिचा काही दोष नव्हता. मी प्रसाद घेतला, तिला नमस्कार केला आणि दर्शनाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.