सगळं नॉर्मल असताना दुखत होतं

धाकटी चार महिन्यांची असताना मी ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं की मूल बंद करण्याचं, हे सगळ्यांना कळायचं. बोरीच्या शाळेत मी पहिलीला शिकवायचे. आम्हा शिक्षकांना दरवर्षी अशा ऑपरेशनच्या केसेस आणाव्या लागत. त्या वर्षी एक केस मी स्वतःच झाले. दुसरी आमच्याच गल्लीतली, तीन लेकरांची आई. तिच्या घरी चार वेळा जाऊन मी तिला तयार केलं होतं. शिबिरात आम्ही दोघी शेजारी शेजारी सतरंजीवर पडलो होतो.

टाके सुकले, पण डाव्या बाजूला ओटीपोटात काहीतरी ओढल्यासारखं होऊ लागलं. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की कळ मांडीपर्यंत उतरायची. पाळीच्या दिवसांत तर मी खुर्चीवरून उठतच नसे. पोरं समजायची, बाई रागावल्यात.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “मनातून काढून टाका.” परभणीला एक्स-रे झाला, लघवी तपासली. “सगळं नॉर्मल आहे,” तिथले डॉक्टर रिपोर्ट परत देत म्हणाले. सासूबाईंचं निदान वेगळंच होतं. “पोरगा व्हायच्या आधीच बंद केलं, मग दुसरं काय व्हनार?” असं त्या मला न बोलता भिंतीकडे बघून बोलायच्या.

अशी दोन वर्षं गेली. मग एका मोठ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, “गर्भपिशवी काढून टाकू. मुलं तर झालीच आहेत.” मी एकतीस वर्षांची होते. यजमान म्हणाले, “तुझा त्रास जात असेल तर काढू. मला बघवत नाही.” त्यांचं चुकत नव्हतं. मीही जवळजवळ हो म्हटलंच होतं.

त्याच आठवड्यात हापशावर ती दिसली, शिबिरात माझ्या शेजारी पडलेली. भरलेली घागर तिनं उचलली, दोन पावलं टाकून खाली ठेवली आणि डाव्या कुशीवर हात दाबून उभी राहिली. तसं उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं.

“तुलाही दुखतं?” मी विचारलं.

ती आधी हसली. “चालायचंच बाई. बाईच्या जातीला काय न काय असतंयच.”

“कधीपासून?”

“तवापासूनच की.”

“अगं, मग मला सांगितलं का नाहीस?”

ती घागरीकडे बघत म्हणाली, “तुमीच नेलं होतं नव्हं? तुमाला लय वाईट वाटलं असतं.”

दोन वर्षं मी माझं दुखणं घेऊन दारोदार हिंडत होते आणि चार घरं पलीकडे जाऊन एकदाही विचारलं नव्हतं.

परभणीत एका डॉक्टरीणबाईंनी नवीन दवाखाना टाकलाय, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून जायचं ठरवलं. पहिल्यांदा निघालो त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी सुटलीच नाही. पुढच्या सोमवारी गेलो.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले. “हे नंतर बघते. आधी सांगा, काय करताना दुखतं?” दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. फळ्याचं सांगताना मला रडू आलं.

दोघींना तपासून त्या म्हणाल्या, “हिच्या पोटात जंतूंनी सूज आलीय, ती औषधानं उतरेल. तुमचं मात्र आतून चिकटलेलं वाटतंय. जखम भरताना कधी कधी असं होतं. एक्स-रेत ते दिसत नाही.”

“मग पिशवी?”

“पिशवीनं काय केलंय? ती काढली तरी दुखणं राहू शकतं.”

त्यांनी शेक सांगितला, कमरेचे व्यायाम दाखवले आणि म्हणाल्या, “पूर्ण जाईल असं वचन देत नाही.” वचन न देणाऱ्या त्या पहिल्याच. मला त्यातच धीर आला.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, “म्हंजे आपुन खोटं बोलत नव्हतो.”

तिला दोन-तीन महिन्यांत उतार पडला. माझी कळ कमी झाली, गेली नाही. लांबच्या प्रवासात अजूनही मला जागा बदलून बसावं लागतं.

पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी केसेसची यादी काढली तेव्हा मी म्हणाले, “मी बायकांना आधी सगळं सांगेन. दुखू शकतं, हेसुद्धा.”

“मग कोण येईल हो?” ते वैतागले.

एकच आली. नवऱ्याशी बोलून, स्वतः ठरवून आली. तिचे टाके काढल्यावर मी तिच्या घरी गेले, महिन्यानं पुन्हा गेले. तिला काहीच त्रास नव्हता. मी सारखी का येते, याचंच तिला नवल वाटत होतं.