भावजींचं हत्यार

आमचे धाकटे दीर उत्तरेश्वर धाराशिवच्या एका कॉलेजात क्लार्क आहेत. ती पोटापाण्याची नोकरी. खरं काम घरी, येडशीला. जगभरातली चौदा माणसं मिळून कॉम्प्युटर चालवणारी एक नवी यंत्रणा बनवतायत. विंडोजसारखीच, पण कुणा कंपनीची नाही; पायापासून स्वतःची आणि सगळ्यांना फुकट. त्या चौदांत आमचे भावजी. सहा वर्षं झाली. पगार शून्य. वापरणारेही तेच चौदा, त्यातले दोघं नाइलाजानं.

भावजींकडं मराठी अक्षरांचं खातं. तिथं मराठी लिहिलं की नुसते चौकोन दिसायचे. दोन वर्षं राबून त्यांनी त्या चौकोनांतून अक्षरं काढली. औंदा नव्या आवृत्तीत मराठी जाणार, म्हणून छाती फुगलेली.

सासूबाईंच्या लेखी तो सगळा खेळ. खंडेनवमीला आमच्यात घरातली हत्यारं पुजतात; विळा, कुऱ्हाड, फाळ. लॅपटॉप कधी त्या पाटावर गेला नव्हता. औंदा भावजी अडून बसले, माझंही हत्यार पुजा म्हणून. सासूबाईंनी निमूट पुजलं. हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. मी कापूर लावला.

दुपारी मोबाईलवर निरोप आला. जोडाक्षरांच्या जागी परत चौकोन दिसतायत, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर या वेळी मराठी वगळू. दुरुस्ती वीस मिनिटांची, पण सगळं काम त्या लॅपटॉपात. भावजी पाटाकडं गेले.

"पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी हलवत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते कॉम्प्युटर हाय."

"सकाळी हत्यार व्हतं."

मान मागितला होता, तो नियमासकट मिळाला. शेवटी त्यांनी मोबाईलवर खरं तेच लिहून टाकलं: माझ्या कॉम्प्युटरची पूजा झाली आहे, उद्यापर्यंत हात लावता येत नाही. आणि पाटासमोर मांडी घालून बसले. मी मनातल्या मनात म्हटलं, जगदंबे, एवढं सांभाळ.

तासाभरात उत्तर आलं, एक दिवस थांबू. पूजा कसली, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मागनं कळलं, बाकी तेराजणांचंही काम अर्धवटच होतं. थांबायला कुणाचं तरी निमित्त हवंच होतं.

दसऱ्याला दुरुस्ती झाली, मराठी नव्या आवृत्तीत गेली. आता ती यंत्रणा मराठीतून वापरणारा जगात एकच माणूस आहे, आणि सासूबाई त्याला जेवायला हाका मारून दमल्यात.