वेवजीच्या मुलीला मी बोलायला शिकवलं

रंगभूमीवर मी चौदा वर्षं मोलकरीण होते. नाटकं बदलली, निर्माते बदलले, माझ्या हातातला झाडू तेवढा कायम राहिला. पहिली ऑडिशन दिली ती नायिकेच्या बहिणीच्या भूमिकेसाठी. दिग्दर्शकानं दोन वाक्यं ऐकली आणि विचारलं, "गाव कुठलं?" मी डहाणू म्हटलं. "तरीच," तो म्हणाला आणि मला मोलकरणीचं काम दिलं. पुढे मी माझे उच्चार घासूनपुसून इतके लख्ख केले की रेडिओवर बातम्या वाचायला बसवलं असतं तरी चाललं असतं. पण तोवर मी मोलकरीण म्हणून ठरून गेले होते. मी विंगेतून आले की लोक हसायला लागायचे. तोंडही उघडलेलं नसायचं अजून.

गंमत म्हणजे ती मोलकरीण ज्या भाषेत बोलायची, ती जगाच्या पाठीवर कुठेच बोलली जात नाही. थोडं कोकण, थोडी हिंदी, वाक्याच्या शेवटी लांबलचक हेल आणि मधूनच एक किंचाळी. थिएटरातल्या लोकांना वाटायचं, गावाकडची बाई अशीच बोलते. २०१४ साली अशाच एका नाटकाचा प्रयोग डहाणूला झाला. आमच्या घरी वर्षानुवर्षं मासळी घेऊन येणारी, धाकटी डहाणू या कोळीवाड्यातली मावशी मुद्दाम बघायला आली होती. प्रयोग संपल्यावर ती आत आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरा केलास बाय. पन ती बाई कठली होती?" मेकअप रूममधले सगळे हसले. मीही हसले. त्याच वर्षी मी मुंबई सोडली आणि आमच्या चिकूच्या वाडीत राहायला आले.

आमचा जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता आणि जिकडेतिकडे सांस्कृतिक कार्यक्रमांना ऊत आला होता. तलासरीतल्या एका शाळेनं मला नाटक बसवायला बोलावलं. आठवड्यातून दोन दिवस जायचं ठरलं. पहिल्या दिवशी मुलांना गोलात बसवलं आणि म्हटलं, आज सकाळी घरी काय झालं ते करून दाखवा. मुलं खाली मान घालून बसली. मग नववीतली एक मुलगी उठली. वेवजी गावची, आईवडील थोडी भातशेती करून उरलेले दिवस मजुरीला जाणारे. शेजारणीच्या बकरीनं त्यांची वांगी खाल्ली होती. ती आधी बकरीच्या मागे धावणारी आई झाली, मग शेजारीण झाली, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात रवंथ करणारी बकरी झाली. सगळं तिच्या घरच्या बोलीत, वारलीत. मला निम्मं कळलं नाही, पण नजर हलत नव्हती. इतक्या वर्षांत, इतक्या नावाजलेल्या नटनट्यांबरोबर काम करून, इतकं जिवंत काही मी पाहिलं नव्हतं.

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "छान. आता हेच शुद्ध मराठीत करून दाखव."

माझा हेतू वाईट नव्हता, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. मी मनाशी पक्कं केलं होतं की हिला कोणी गाव विचारून झाडू देणार नाही. ही मुख्य भूमिका करेल, मधोमध उभी राहून. त्यासाठी मी तिला दातांत पेन्सिल धरून वाचायला लावलं. वर्तमानपत्रातले अग्रलेख मोठ्यानं म्हणून घेतले. तालमीत घरच्या बोलीचा एक शब्द जरी आला तरी मी दोन बोटं वर करायची, आणि ज्याच्या तोंडून तो आला त्यानं गोलाबाहेर जाऊन उभं राहायचं. पहिले काही महिने ती बाहेरच जास्त असायची. एकदाही कुरकुरली नाही. कसं बोलायचं नाही हे दाखवायला मी माझी मोलकरीण करून दाखवायची, हेल काढून, कमरेवर हात ठेवून, किंचाळून. मुलं पोट धरून हसायची. "असं बोललात तर जन्मभर केर काढाल," मी सांगायची. सगळ्यांत जास्त तीच हसायची. त्या हसण्यानं मला किती बरं वाटायचं, ते आठवलं की स्वतःची किळस येते.

तिसऱ्या वर्षी, ती त्याच शाळेत अकरावीला असताना, आम्ही स्पर्धेत उतरलो. तिला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, "वाटतच नाही ही मुलगी इथली आहे." टाळ्या पडल्या आणि माझा ऊर भरून आला. तिची आई नाटक बघायला मजुरी बुडवून आली होती, सगळ्यात मागच्या खुर्चीवर चपला काढून बसली होती. बक्षीस समारंभ झाल्यावर ती माझ्यापाशी आली. "बाय, पोर बेस बोलली," ती म्हणाली, "पन मना कायच समजला नाय."

"होईल सवय," मी म्हटलं. कोणाच्या बोलण्याची सवय कोणाला करून घ्यायला सांगत होते मी? आईला, पोटच्या पोरीच्या!

२०१९ साली मुंबईचा एक दिग्दर्शक नट शोधत आमच्याकडे आला. त्याच्या नव्या नाटकाची नायिका याच पट्ट्यातली, पाडे हिंडलेली, कोर्टापर्यंत भांडलेली बाई होती. तिनं पूर्ण नाटकभर घरच्याच बोलीत बोलायचं, हा त्याचा हट्ट होता. मुंबईतल्या मुलींना बोली शिकवून त्यानं पाहिलं होतं आणि हात टेकले होते. त्याला इथलीच मुलगी हवी होती. वेवजीची ती मुलगी तेव्हा डहाणूच्या कॉलेजात होती. मी तिला घेऊन डहाणू रोडला गेले. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये ऑडिशन होती. मुख्य भूमिका, सबंध नाटक तिच्याच खांद्यावर. जिना चढताना तिच्यापेक्षा मीच जास्त अधीर होते. खोटं कशाला बोलू, थोडी असूयाही होती.

दिग्दर्शक म्हणाला, "घरी आईशी भांडतेस ना? तसं भांड."

ती मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू माझं म्हणणं ऐकून का घेत नाहीस?" एकेक अक्षर सुटं, स्वच्छ.

"असं नाही. घरी बोलतेस तसं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल. तिनं डोळे मिटले, कमरेवर हात ठेवला, आणि तिच्या तोंडून माझी मोलकरीण बाहेर आली. तोच हेल, तीच किंचाळी. दिग्दर्शकाबरोबर आलेली दोन मुलं हसली. तो हसला नाही. "हे नाटकातलं झालं," तो म्हणाला. "तुझं बोल." तिनं पुन्हा केलं. पुन्हा मीच. तिसऱ्यांदा ती वाक्याच्या मध्येच थांबली. पाचेक वर्षांपूर्वी जी बाई बकरीच्या मागे धावली होती ती तिला आत कुठे सापडत नव्हती, आणि तिला कुठे ठेवलंय हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

तो चांगला माणूस होता. तिला पाणी दिलं, आवाजाची स्तुती केली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, हिलाही शिकवावंच लागेल. मग इथली कशाला?"

खाली रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, त्याला काही कळत नाही. इतकी वर्षं शिकवून मी तिला दिलेलं शेवटचं उत्तरही खोटंच होतं.

महिन्याभरानं मी वेवजीला तिच्या घरी गेले. माफीची वाक्यं जीपमध्येच मनात जुळवली होती. अंगणात खाट टाकलेली होती. आईनं कोरा चहा आणून दिला आणि समोर जमिनीवर बसून बोलायला लागली, पोर कशी अभ्यास करते, कशी सगळ्यांना कागद वाचून दाखवते. बोलीतच, भराभर, हातवारे करत. मला आता बरंचसं कळत होतं. वाटलं, हे संपलं की सांगावं. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या मुलीनं दोन बोटं वर केली.

"आई, नीट बोल ना. बाई आल्यात."

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघत तिनं तेच वाक्य पहिल्यापासून म्हणायला घेतलं, शाळेतल्या मुलासारखं, एकेक शब्द जपून, आणि अर्ध्यावर येऊन तिच्याजवळचे शब्द संपले.