बोरीला गेलेले पत्ते

आमच्या खेळात मेलेला पत्ता बोरीला जायचा.

खेळ परदेशी होता. राक्षस, जादूगार, उडणारे साप, प्रत्येकाचा वेगळा पत्ता आणि त्यावर त्याची ताकद लिहिलेली. बाबांनी हैदराबादहून एकच पाकीट आणलं होतं. आमच्या पूर्णेत तसलं काही मिळत नव्हतं आणि एका पाकिटात खेळ होत नाही. मग दादाने उरलेले पत्ते घरीच केले, जुन्या लग्नपत्रिका कापून. तो कागद जाड असतो, लवकर दुमडत नाही. नियम इंग्रजीत होते. ते वाचून मराठीत सांगणं माझ्याकडे आलं, कारण मी इंग्रजी शाळेत होते. एरवी मी घरातसुद्धा फारशी बोलत नसे. पत्त्यांच्या वतीने मात्र बोलायची.

खेळायचो काकूकडे. काका रेल्वेत गेटमन, त्यांचं क्वार्टर आमच्या शेजारी. पत्रिकांच्या पाठीवर गणपती असायचा, म्हणून काकू जमिनीवर खेळू देत नसे. "देव खाली टेकवू नका रे," म्हणत ती पलंगावर धुतलेली चादर अंथरायची आणि मग स्वतःच मांडी घालून बसायची.

मेलेले पत्ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जात. नियमांत त्या जागेला ग्रेव्हयार्ड म्हटलं होतं. मी त्याचं मसणवटा केलं.

"गणपतीला मसणात घालायलात का?" काकू म्हणाली. "बोरीला गेला म्हणा. माझ्या मायकडं राहील चार दिस."

बोरी तिचं माहेर. तेव्हापासून आमच्याकडे कुणी मेलं नाही.

दादाने तिचाही पत्ता काढला. पदर खोचलेला, हातात उलथणं, पाठीमागे ढग. ताकद तिने स्वतः ठरवली. बोरीला गेलेल्या कुणालाही ती माघारी आणू शकेल.

"वाट मलाच ठावी हाय ना," ती म्हणाली.

"आणि तूच गेलीस तर?" मी विचारलं.

"मला आणायला तुझा काका येईल की."

काका दारात बूट काढत होते. "गेटवर मग कोन बसंल? तुझा भाऊ?"

"मग ऱ्हाते तिथंच. हितं कोन खोळंबलंय माझ्यासाठी!"

आम्ही सगळे हसलो. काका तिला आणायला खरोखरच कधी गेले नव्हते. ती दर वेळी एकटी यायची, पिशवी घेऊन, बसने.

मी कॉलेजात असताना काकू पंचमीला बोरीला गेली. तिथे ताप आला. तिने फोन करून काकांना सांगितलं, या टायमाला न्यायला या. काका म्हणाले, सुट्टी न्हाई, बरं वाटलं की बसनं ये. दोन दिवसांनी ते गेले ते तिच्या मातीलाच, आणि पोचेपर्यंत मातीही उरकली होती. त्यानंतर आमच्या घरात "बोरीला गेली" असं कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

क्वार्टर आवरताना आईला तो डबा सापडला. वर गणपती दिसले. जुन्या पत्रिका कचऱ्यात टाकत नाहीत, म्हणून तिने निर्माल्याबरोबर सगळ्या नदीत सोडल्या. उलटून पाहायचं तिला सुचलं नाही, आणि मलाही नसतं सुचलं.

दादाकडे काकूच्या पत्त्याचा फोटो होता. तो तेव्हा पुण्यात नोकरीला लागला होता आणि तसलाच एक खेळ मोबाईलवर खेळायचा. आधीच्या मोबाईल खेळांतले पत्ते कंपनीचे असत, आपण नुसते वापरायचे. या नव्या खेळातले पत्ते ब्लॉकचेनवर होते. म्हणजे पत्ता कुणाचा ही नोंद जगभरच्या कॉम्प्युटरांवर एकाच वेळी राहायची आणि ती कुणालाच पुसता येत नव्हती. थोडे पैसे भरून स्वतःचा पत्ताही घडवता यायचा. दादाने काकूचा घडवला आणि काकांच्या नावावर केला.

काकांना हे समजावणं पुन्हा माझ्याकडे आलं.

"म्हंजे सातबारा माझ्या नावावर," काका म्हणाले.

"हो."

"आन् रान कुठं हाय?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

त्यांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, "बरं. खेळायचं कसं ते सांग."

मी परभणीत नोकरी करते. रविवारी पूर्णेला यायची आणि आम्ही दोघं पलंगावर समोरासमोर बसून आपापल्या फोनवर खेळायचो. ती चादर आता कुणी अंथरत नव्हतं. काका पटकन शिकले. जिंकत मात्र कधीच नव्हते. काकूचा पत्ता हातात आला की ते तो धरून बसत. मैदानात उतरवला तर तो मारला जाऊ शकतो, आणि काकू सगळ्यांना माघारी आणते, तिला आणणारा पत्ताच नव्हता. एकदा मी म्हटलं, नुसतं बघायचंच असेल तर फोटो आहे ना.

"फोटोत ती काय करायलीय? नुस्ती उभी हाय," काका म्हणाले. "हितं तिची पाळी येती."

गेल्या उन्हाळ्यात कंपनीने खेळ बंद करत असल्याचं कळवलं. लोक खेळेनासे झाले होते. पत्त्याची नोंद तुमच्याकडेच कायम राहील, चित्र आणि खेळ राहणार नाहीत. बंद व्हायची वेळ आपल्याकडची दुपारी दीडची होती. मी सुट्टी काढून गेले. बाहेर ऊन इतकं होतं की काकांनी खिडकीवर ओलं पोतं टांगलं होतं, खोलीत तपकिरी अंधार.

डाव नेहमीसारखा चालला. काकूचा पत्ता त्यांच्या हातात आलाय हे मला त्यांच्या अंगठ्यावरून कळलं, तो काचेवर घासत राहायचा. मी वाट बघत होते की ते दुसरं काहीतरी टाकतील. त्यांनी काकूला उतरवलं. उलथणं घेतलेली ती मधोमध येऊन उभी राहिली.

माझ्या हातात तिला मारेल असा पत्ता होता.

"हाय ना तुझ्यापशी?" काका म्हणाले.

"काय?"

"सोंग करू नको, माय. टाक."

"काका, आता दोन मिनिटांत सगळंच बंद होणारय. राहू दे तिला."

"आपुआप बंद झालं तर कुठं गेली ते मला कसं दिसंल? मागच्या टायमालाबी दिसलं न्हाई." त्यांनी फोनवरून मान वर केली नाही. "तू पाठव तिला बोरीला. या टायमाला मी जातो आनायला."

ते साध्या आवाजात म्हणाले. सुट्टी मंजूर झालेला माणूस बोलेल तसं. आणायला म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. अंगठा त्या पत्त्यावर ठेवला आणि तसाच ठेवला. वर माझ्या पाळीच्या वेळेची निळी पट्टी आखडत होती.

"टाक की."

मी टाकला नाही.

पट्टी संपायच्या आधीच पडदा पांढरा झाला. इंग्रजीत एक आभाराची ओळ आली. कंपनीचं घड्याळ आमच्या घड्याळाच्या जरा पुढे होतं.

काकांनी दादाने दाखवलेलं ते पान उघडलं, जिथे पत्त्याची नोंद असते. एक करडा चौकोन, खाली लांबलचक नंबर, आणि मालक म्हणून काका.

"सातबारा हाय," ते म्हणाले.

मी अजूनही रविवारी जाते. काका आता निवृत्त झालेत. जेवतात, फिरायला जातात, विशेष काही बोलत नाहीत. बोरीला जाणारी बस त्यांनी धरली नाही. मी निघताना दर वेळी आईला तेवढंच विचारते. ते मला पोचवायला स्टेशनपर्यंत येतात आणि गाडी हलायच्या आधी खिडकीशी वाकून एकच गोष्ट सांगतात, चेहऱ्यावर हसू नसतं.

"पाळी तुझीच हाय अजून."

आणि पूर्णा मागे पडेपर्यंत माझा अंगठा कशावर तरी टेकलेला असतो.