बसून वाजवायची पेटी

नांदेडात आपल्यासारखा सुतार नाही, असं ज्ञानोबा स्वतःच सांगतात आणि दुर्दैवानं ते खरं आहे. भोकर-अर्धापूरपर्यंत त्यांची दारं-कपाटं गेलीत. एकातही कागद शिरेल एवढी फट सापडायची नाही.

वाद्याला मात्र हात लावायचा नाही, हा घरचा दंडक. गावानं हाक मारली की वडिलांना डफडं घेऊन दारोदार जावं लागे. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला आणि डफडं विहिरीत टाकलं. तेव्हापासून या घरात कुणी टाळीचासुद्धा ठेका धरला नव्हता.

गेल्या महिन्यात पेरू देशातले कलाकार नांदेडला आले. कार्यक्रम संध्याकाळी, आणि प्रवासात त्यांची पेटी फुटलेली. पेटी म्हणजे लाकडी खोकं. वर बसायचं आणि पुढची फळी हातांनी वाजवायची. दुभाषी तनुजानं ज्ञानोबांना बोलावलं. त्यांनी तीन तासांत नवी पेटी केली, सगळीकडून सरस लावलेला, सगळे स्क्रू गच्च. वाजवणाऱ्या मारूहाबाईंनी थाप दिली तर पेटी मुकी.

"मामा, फळी वरून ढिली लागते म्हणं," तनुजा म्हणाली.

"चाळीस वर्षांत ढिलं काम केलं न्हाई मी."

"किती ढिली, ते तुम्हीच वाजवून बघा म्हणून राहिल्या. त्यांना तयार व्हायचंय."

ज्ञानोबांनी हात मागे घेतले. डफड्याची गोष्ट सांगितली. तनुजानं ती मारूहाबाईंना समजावली, तशा त्या आरशापुढून उठून आल्या.

"आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून नेलं," तनुजा त्यांचं बोलणं सांगू लागली. "त्यांचे ढोल काढून घेतले. मग ते मालाची खोकी वाजवायला लागले. ते कुणाच्या हुकमानं नव्हतं."

बापानं विहिरीत टाकलं ते वाद्य नव्हतं, हुकूम होता, हे ज्ञानोबांना बासष्टाव्या वर्षी उमगलं. ते पेटीवर बसले. फळीचे वरचे स्क्रू अर्धा फेरा सैल केले, थाप दिली. पुन्हा सैल, पुन्हा थाप. चौथ्या वेळी पेटी बोलली. काम झालं होतं, तरी हात काही थांबेनात.

"पोरी, बाईला सांग, लई उपकार झाले," ते म्हणाले.

"मामा, आभार तर त्यांनी मानायचेत."

"माझ्या बापाच्या वतीनं सांग."

संध्याकाळी ते बायकोला घेऊन पुढच्या रांगेत बसले. नाच रंगला, पेटी घुमू लागली, सभागृहानं ठेका धरला. पंचशीलाबाईंनी सहज शेजारी पाहिलं. नवरा टाळ्या वाजवत होता, अगदी तालात.