चाळिसातली एक

परीक्षानळीत साबणाचं पाणी टाकण्याआधी आमच्या मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या आणि आतल्या मंडळींना बजावायच्या, "चलो, आता बघू या कोण टिकतंय!"

आतली मंडळी म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, चरबीच्या रेणूंच्या पिशव्या. त्यांच्या पातळ भिंतीत प्लॅस्टिकचा कच्चा माल मुरवायचा, वरून दिव्याचा प्रखर उजेड पाडायचा आणि तो माल भिंतीतल्या भिंतीत जोडला जाऊन पिशवी टणक व्हायची वाट बघायची, हे माझं संशोधन. भिंत कच्ची राहिली की साबणानं पिशव्या विरघळत आणि दुधाळ पाणी नितळ होई.

"पोचल्या सगळ्या क्षिप्रेच्या घाटावर!" मॅडम टाळी वाजवत आणि मला टावर चौकात पोहे खायला नेत. पीएचडीचे गाइड तुम्हीही पाहिले असतील. प्रयोग फसला म्हणून पोहे चारणारा पाहिलाय?

तिसऱ्या वर्षी पाणी दुधाळच राहिलं. मी नाचले. मग इंदूरहून सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले आणि माझे पाय जमिनीवर आले. भिंत टणक झालीच नव्हती. सगळं प्लॅस्टिक एका मण्यात गोळा होऊन पिशवीला लटकलं होतं. साबणाला पुरून उरले होते ते मणी. चाळीस पिशव्यांपैकी एकीचा मणी तेवढा मागे दडला होता, म्हणून ती फोटोत अख्खी टणक दिसत होती.

कॉलेजातली नोकरी माझ्या पदवीसाठी खोळंबली होती. मी तिचाच तेवढा फोटो निवडला.

"वा, हुशार आहेस," मॅडम म्हणाल्या. "सेमिनारमध्ये दाखव."

दाखवला. टाळ्या पडत असतानाच शेवटच्या रांगेतून मॅडमचा हात वर झाला. "काय गं, बाकीच्या उनतालीस किधर गेल्या?"

सगळा विभाग हसला. नोकरी हातची गेली. मणी का होतो यावर नव्यानं प्रबंध लिहिण्यात आणखी दीड वर्ष गेलं.

सेमिनारच्या दुसऱ्या दिवशी मी गेले, ती फक्त भांडायला. मॅडम लॅबच्या दारातच उभ्या होत्या. मला बघून खुदकन हसल्या. "आ गई?" एवढंच म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पदवी मिळाली तेव्हा मॅडम नव्हत्या. त्याच हिवाळ्यात, चार दिवसांच्या आजारात गेल्या. मी प्रबंध घेऊन माधव नगरला त्यांच्या घरी गेले. त्यांचे यजमान पानं चाळता चाळता म्हणाले, "त्या सेमिनारच्या रात्री ती जेवलीच नाही, बरं का. सकाळी आठलाच लॅबला निघाली. म्हणाली, पोरगी परत आलीच नाही तर?"

मी त्या दिवशी साडेअकराला पोचले होते.